जांभळ्या झाकणाची ट्यूब

सिंगापूरमध्ये मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर आहे. त्या सकाळी क्वांटिफेरॉनचे रिपोर्ट तपासून सह्या करत होते. टीबीचा संसर्ग झालाय का, हे पाहायची ही रक्तचाचणी. तिच्या चार ट्यूबपैकी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये मायटोजेन असतं. टीबी असो वा नसो, त्याने रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, चेततात आणि इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश देणारं प्रथिन सोडतात. चाचणी नीट चालली की नाही, हे या ट्यूबवरून कळतं. एका बाईंच्या ट्यूबमध्ये हे इंटरफेरॉन जवळपास शून्य होतं. अशा वेळी 'अनिर्णित' असं लिहून नवा नमुना मागवतात. पण हा नवाच नमुना होता. आधीचाही अनिर्णितच गेला होता.

मी त्यांची फाइल उघडली. चिनी वंशाच्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाई. मानेच्या दोन्ही बाजूंना गाठी, ताप, वजन उतरलेलं. गाठीतल्या पुवात आम्लरोधी (टीबीच्या कुळातले) जंतू दिसले म्हणून टीबीची चार औषधं सुरू झाली होती, तरी गाठी वाढतच होत्या. कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून पाहणं, मात्र आठवड्याच्या आत उगवलं. टीबीचा जंतू इतक्या लवकर वाढत नाही. हा निघाला मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस, टीबीच्याच कुळातला, पण माती-पाण्यात राहणारा आणि धडधाकट माणसाच्या अंगात सहसा असा न पसरणारा. त्याआधी रक्तात साल्मोनेला हा जंतू, मग अंगभर पसरलेली नागीण. एवढं वाचलं की कुणालाही एचआयव्हीच आठवतो. तो पुन्हा पुन्हा तपासून झाला होता, निगेटिव्ह. स्टेरॉइड नाही, केमोथेरपी नाही. लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) नॉर्मल, एकूण पांढऱ्या पेशी तर वाढलेल्या.

पेशी आहेत, त्यांना चेतवणारं मायटोजेन आहे, मग इंटरफेरॉन जातंय कुठे?

2012 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये थायलंड आणि तैवानमधल्या रुग्णांचा अभ्यास आला होता. एचआयव्ही नसताना असे संधिसाधू, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडली की होणारे, संसर्ग झालेल्या प्रौढांपैकी 88 टक्के रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉन-गॅमाविरुद्ध प्रतिपिंडे सापडली. मॅक्रोफेज पेशी मायकोबॅक्टेरिया गिळतात खऱ्या, पण ते मारायला त्यांना इंटरफेरॉन-गॅमाचा हुकूम लागतो. इथे तो हुकूम पोचायच्या आधीच अडवला जातो. हा आजार मुख्यतः आग्नेय आणि पूर्व आशियाई वंशाच्या लोकांत, बहुधा मध्यम वयात दिसतो आणि प्रतिकारशक्तीशी संबंधित काही विशिष्ट एचएलए जनुकांशी त्याचं नातं आहे.

किटमध्ये मोजमापासाठी इंटरफेरॉन येतंच. आमच्या टेक्निशियनने एका निरोगी माणसाच्या आणि या बाईंच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवात, ते सारख्याच मापाने मिसळलं, थोडा वेळ ठेवलं आणि एलायझा ही रंगावरून इंटरफेरॉन मोजणारी चाचणी लावली. आम्ही दोघी प्लेटवर वाकून उभ्या होतो. निरोगी प्लाझ्माचे खळगे निळे होत गेले, आम्ल घातल्यावर गडद पिवळे. बाईंचे खळगे पाण्यासारखेच राहिले. प्लाझ्मा पातळ करत नेला तरी तेच. आम्ही घातलेलं इंटरफेरॉन डोळ्यांदेखत नाहीसं झालं होतं. पक्कं निदान पुढे संदर्भ प्रयोगशाळेने केलं, पण वॉर्डला फोन मी तेव्हाच केला.

दुपारी संसर्गतज्ज्ञ सहकाऱ्याबरोबर मीही त्यांना भेटायला गेले. इथल्या रीतीप्रमाणे सगळे त्यांना आंटी म्हणत. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे एड्सच ना? तुम्ही नाव घ्यायला कचरताय." त्या तपासण्या बघून त्यांनी मनाशी तेच धरलं होतं. घरी मधोमध ठेवलेल्या ताटल्यांतून सगळे वाढून घेतात, तिथे या आपला वाडगा आणि चॉपस्टिक वेगळ्या ठेवून बाजूला जेवत होत्या. नातवाला जवळ घेणं बंद केलं होतं. हा एड्स नाही, गाठीतला जंतू घरच्यांना लागत नाही, नातवाला खुशाल मांडीवर घ्या, हे सहकाऱ्याने मँडरिनमध्ये दोनदा सांगितलं. तेव्हा कुठे त्यांचे खांदे सैल झाले. निदानाला नाव मिळण्याने काय होतं, ते मला त्या खोलीत दिसलं.

माझं शिक्षण महाराष्ट्रातलं. तिकडे गंडमाळ, म्हणजे मानेतल्या गाठी, दिसल्या की टीबी, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण स्मिअरमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, जंतू भरपूर आणि टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी सीबीनॅट चाचणी निगेटिव्ह, असं दिसलं तर कृपा करून कल्चर करून जंतूची जात ओळखा. औषधांना न जुमानणारा टीबी असा शिक्का मारून त्याचे लांबलचक उपचार सुरू करण्याआधी एवढं करायलाच हवं.

बाहेरून इंटरफेरॉन देऊन सहसा भागत नाही, प्रतिपिंडे तेही पकडतात. म्हणून आंटींना ॲमिकासिन, इमिपेनेम वगैरे प्रतिजैविकांबरोबर रिटुक्सिमॅब दिलं. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वज बी-पेशी त्याने कमी होतात. गाठी ओसरल्या, दाह दाखवणारा रक्तातला ईएसआर उतरला. औषधं थांबवली की हा आजार उलटू शकतो, म्हणून त्या अजून तपासणीला येतात. आणि आमच्या लॅबमध्ये आता जांभळी ट्यूब लागोपाठ दोनदा नापास झाली आणि लिम्फोसाइट नॉर्मल असले, तर रिपोर्ट जाण्याआधी वॉर्डला फोन जातो.