भोपळ्याच्या बिया आणि आंबील: घरच्या जेवणात जस्त आणण्याचा माझा अनुभव

गेल्या पावसाळ्यात माझ्या पाच वर्षांच्या मुलाला जुलाब झाले, तेव्हा खानापुरातील डॉक्टरांनी क्षारसंजीवनीबरोबर (ओआरएस) जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, गोळ्या दिल्या आणि जुलाब थांबले तरी रोज २० मिलिग्रॅम याप्रमाणे १४ दिवसांचा क्रम पूर्ण करायला सांगितले. तो पूर्ण झाल्यावर मी पुढच्या गोळ्यांविषयी विचारले. त्यांनी नकार दिला आणि जस्त यापुढे जेवणातून गेले पाहिजे, असे बजावले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला रोज १७ आणि स्त्रीला १३.२ मिलिग्रॅम जस्त लागते, हे वाचल्यावर मी आमच्या ताटाकडे नीट पाहिले. भाकरी, आमटी, भात आणि शेंगदाण्याची चटणी या सगळ्यांत जस्त आहेच. परंतु धान्याच्या कोंड्यात आणि कडधान्यांत असणारे फायटिक आम्ल ते बांधून ठेवते, आणि त्यामुळे पोटात गेलेल्या जस्तापैकी बराच भाग शरीराला मिळतच नाही. भिजवल्याने, मोड आणल्याने आणि आंबवल्याने हे आम्ल कमी होते. माझ्या मते खरी गोम इथेच आहे, कारण वेगळे काही विकत आणण्यापेक्षा आहे ते कसे शिजवतो, याचा फरक अधिक पडतो.

सासूबाईंना मी हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आंबील तर आम्ही लहानपणी रोज पीत होतो, बाई." मग त्यांनीच जोंधळ्याचे पीठ ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवले, सकाळी वर बारीक बुडबुडे आलेले दाखवले आणि मंद आचेवर ढवळत ते शिजवून त्यात जिरे व मीठ घातले. मटकी आणि हरभरा आता मी रात्री भिजत घालते, सकाळी फडक्यात बांधते आणि मोड आल्यावरच उसळ करते.

सर्वांत मोठा बदल मात्र लाल भोपळ्याच्या बियांचा झाला. त्या आम्ही आजवर गरासकट टाकून देत होतो, याची मला आज मनापासून खंत वाटते. सालासकट वाळवलेल्या बियांत जस्त चांगले असते आणि सोललेल्या १०० ग्रॅम बियांत ते साधारण ७ ते ८ मिलिग्रॅम भरते; तिळातही जवळपास तितकेच असते. बिया धुऊन, चिकट गर चोळून काढून, उन्हात वाळवून तव्यावर परतल्या की तडतडतात आणि साल सहज सुटते. पहिल्या खेपेला मी त्या अख्ख्या दिल्या आणि मुलाला ठसका लागला. लहान मुलांना अख्ख्या बिया किंवा काजू देऊ नयेत, हे मला आधी कळायला हवे होते. आता तीळ आणि बियांचे कूट मी भाजीत, थालीपिठात आणि गुळाबरोबर लाडवांत घालते. दोन मोठे चमचे कूट, म्हणजे अंदाजे २० ग्रॅम, घातले तर सुमारे दीड मिलिग्रॅम जस्त येते. खानापूर भागातला काजूही आम्ही कुटूनच वापरतो, आणि आठवड्यातून दोनदा अंडी असतात, कारण प्राणिज पदार्थांतले जस्त अधिक सहज शोषले जाते.

पावसात बिया वाळत नाहीत आणि त्यांना बुरशी येते, म्हणून जूनपासून मी त्या मंद आचेवर तव्यावरच कोरड्या करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते.