तुम्ही विचारलंत म्हणून: नायकाचा निवेदक कसा झाला?

साईखेडकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेला मी नायक म्हणून उभा राहायचो, ते पाहिलेली मंडळी नाशकात अजून भेटतात. कालिदास कलामंदिरात एखाद्या सोहळ्याचं निवेदन आटोपून चहा घेत असलो की प्रश्न ठरलेला: ‘काय हो, नट म्हणून पुढे जमलं नाही का?’ विचारणाऱ्याला खरंच वाईट वाटत असतं, त्यामुळे चिडताही येत नाही. मग मी कॉनरॅड नेगलची गोष्ट सांगतो.

हा अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला, 1897 सालचा जन्म. रंगभूमीवरून मूकपटांत आला आणि एमजीएम या हॉलीवूडमधल्या चित्रपट कंपनीचा देखणा, सोज्वळ नायक झाला. त्याचा 1929 चा ‘द किस’ मिळाला तर जरूर बघा. समोर त्या काळची मोठी तारका ग्रेटा गार्बो. तिच्यावर नवऱ्याच्या खुनाचा खटला, आणि नेगल तिचा प्रियकरही, वकीलही. नेगलचा आवाज नाटकात कमावलेला. आदल्याच वर्षी तो वॉर्नर बंधूंच्या चित्रपटात पडद्यावर बोललाही होता. पण गार्बोचे स्वीडिश उच्चार लोकांना चालतील का, या धास्तीने एमजीएमने तिला अजून बोलतं केलं नव्हतं. त्यामुळे हा खणखणीत आवाजाचा माणूस भर कोर्टात तिची बाजू मांडतो आणि आपल्याला एक शब्द ऐकू येत नाही! एमजीएमचा तो शेवटचा मूकपट.

बोलपट आले तसे भलेभले नायक घरी बसले. याला उलट कामावर काम मिळालं. तरी माझं मत विचाराल तर नायक म्हणून तो जरा सपकच. गार्बोसमोर कधी पुढे घुसत नाही. तिच्याकडे बघतो, तिचं ऐकतो, तिला जागा देतो. नायकाच्या बाबतीत आपण हे उणं धरतो. निवेदकाला मात्र हेच तर यावं लागतं.

1937 साली सीबीएस रेडिओवर ‘सिल्व्हर थिएटर’ ही नाटिकांची मालिका सुरू झाली. प्रायोजक काटे-चमचे विकणारी कंपनी, कलाकार सिनेमातले मोठमोठे तारे, आणि सूत्रं नेगलच्या हाती. (त्याच वर्षी आपल्या दादासाहेब फाळक्यांचा शेवटचा चित्रपट ‘गंगावतरण’ आला. मूकपट इथे रुजवणाऱ्या माणसालाही अखेर बोलपट करावा लागला, तर बाकीच्यांचं काय घेऊन बसलात!) पुढे टीव्ही आला तेव्हा नेगल तिथेही ‘सेलिब्रिटी टाइम’ घेऊन हजर. 1953 मध्ये ऑस्कर सोहळा पहिल्यांदा टीव्हीवर दिसला, हॉलीवूड आणि न्यूयॉर्क दोन्हीकडून एकाच वेळी. त्याच्या सूत्रसंचालकांत बॉब होपबरोबर नेगलही होता. ज्या अकादमीचा हा सोहळा, तिच्या 1927 मधल्या संस्थापकांपैकी तो एक, आणि नंतर अध्यक्षही. हॉलीवूडच्या फुटपाथवर त्याच्या नावाचे तीन तारे आहेत: एक सिनेमासाठी, एक रेडिओसाठी, एक टीव्हीसाठी. याला उतरती कळा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आमच्याकडे काय होतं, ते विंगेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. सभागृह भरलेलं असतं आणि निरोप येतो, प्रमुख पाहुण्यांची गाडी द्वारका चौकात अडकली आहे. आता लोकांना धरून ठेवायचं, पण इतकंही रंगवायचं नाही की पाहुणे आल्यावर लोकांना तेच नकोसे व्हावेत. परिचय करून देताना मी नाव अगदी शेवटी घेतो आणि लगेच माईकपासून एक पाऊल मागे होतो. टाळी सुरू होते तेव्हा उजेडात पाहुणे असले पाहिजेत, मी नाही. हे नाटकात नायक असताना मला कुणी शिकवलं नव्हतं. तिथे तर पुढे यायचीच सवय लावतात.

भूमिका मिळाली तर आजही करीन. तालमीच्या तारखा तेवढ्या आधी विचारा. डिसेंबर-जानेवारीत सत्कार समारंभांची रांग असते.