मेळघाटातला नाला, मोहाचे दिवस आणि "शांत चला" हा सल्ला

काल रात्री घरी पोहोचले. झोप झालेली नाही, पोटऱ्या दगड झाल्यात, पण हे आजच लिहून टाकते. पुढच्या दोन आठवड्यांत आणखी दोन गट त्याच वाटेने जाणार आहेत आणि त्यांनाही आम्हाला सांगितलं तेच सांगितलं जाईल: "जंगलात तोंड बंद ठेवा. शांत चला, म्हणजे प्राणी दिसतील."

सफारीच्या जिप्सी गाडीत बसलेल्यांसाठी हे ठीक आहे. अस्वलाच्या जंगलात पायी चालणाऱ्यांसाठी ते साफ चुकीचं आहे. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं डोक्यात ठेवा.

आम्ही आठ जण. सगळे सह्याद्रीत चालणारे, त्यामुळे बूट कोणते घालावेत आणि पाणी किती न्यावं हे मी लिहीत बसणार नाही. मार्चचा शेवटचा आठवडा होता. पहिला दिवस चिखलदऱ्यात गेला. पॉइंट पाहिले, गाविलगड पाहिला, छान होतं. तिसरा दिवस गाडीत गेला. सांगण्यासारखा दिवस दुसरा.

व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यात पायी फिरता येत नाही, हे आधी लक्षात घ्या. आमची वाट बाहेरच्या पट्ट्यातली, एका कोरकू गावातून निघून डोंगराला वळसा घालून परत येणारी, अकराएक किलोमीटरची. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. अस्वल बघायला म्हणून तिथे झुंडी जाव्यात अशी माझी इच्छा नाही.

आयोजकाने माणशी सहाशे रुपये "सुरक्षा शुल्क" वेगळं घेतलं होतं. त्यात काय मिळालं? प्लास्टिकची एक शिट्टी आणि पर्समध्ये मावेल एवढी मिरचीच्या फवाऱ्याची बाटली. परदेशात अस्वलासाठी मिळतो तो फवारा मोठ्या डब्यातला असतो आणि लांबवर ढग सोडतो. ही बाटली हातभर अंतराची. हातभर अंतरावर अस्वल आलं तर बाटली शोधायला वेळ कुणाला आहे? शिवाय वारा उलटा असेल तर तिखट आपल्याच डोळ्यांत. पैसे पाण्यात. सहाशे रुपयांत आठ जणांना आठ काठ्या आणि आठ घुंगरं आली असती, आणि ती कामाला आली असती.

निघण्याआधी त्याने दहा मिनिटं माहिती दिली. अस्वल आलं तर झाडावर चढा. नाही जमलं तर उताराने पळा, केस डोळ्यांवर येतात आणि त्याला दिसत नाही. नाहीच तर मेल्याचं सोंग घ्या. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. दोन मित्र आणि अस्वल ही गोष्ट आपण सगळेच लहानपणी ऐकलेली.

यातलं एकही धड नाही. आपल्याकडचं अस्वल झाडावर सहज चढतं, मधाच्या पोळ्यासाठी ते चढतंच. पळण्यात ते माणसाला कुठेही गाठतं, चढ असो की उतार. आणि मुख्य म्हणजे हा प्राणी पिढ्यानपिढ्या वाघाच्या शेजारी राहिलेला आहे. वाघ समोर आला तर झाडावर पळून सुटका नाही, म्हणून हा प्राणी उलट अंगावर जातो. अचानक समोर उभ्या राहिलेल्या माणसालाही तो तोच न्याय लावतो. त्याला आपल्याला खायचं नसतं. त्याला आपण समोरून जायला हवे असतो, आणि त्यासाठी तो तोंडावर, डोक्यावर पंजा मारतो. बोटभर लांब नखं वारूळ फोडण्यासाठी असतात, पण ती चेहऱ्यावर काय करतात हे विदर्भातल्या कुठल्याही मोठ्या सरकारी दवाखान्यात विचारा.

मोहाचे दिवस सगळ्यांत वाईट का, ते त्या गावात गेल्यावर समजलं. मोहाची फुलं रात्री आणि पहाटे गळतात. अस्वल रात्रभर ती खातं, आणि माणसं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन त्याच झाडाखाली पोहोचतात, कारण उशीर केला तर गुरं खाऊन टाकतात. एकच झाड, एकच वेळ, दोघांच्याही माना खाली. शिवाय थंडीत जन्मलेली पिल्लं या दिवसांत आईबरोबर बाहेर पडलेली असतात. अस्वलीण पिल्लं पाठीवर घेऊन फिरते. अशी आई समोर आली तर ती माघार घेईल असं धरून चालू नका.

आम्ही किती वाजता निघालो? पहाटे साडेपाचला. "सकाळी प्राणी दिसतात" म्हणून.

आमच्याबरोबर वाटाड्या म्हणून गावातले एक काका होते, साठीच्या आसपासचे. हातात बांबूची काठी, खांद्यावर कुऱ्हाड. ते पुढे चालत स्वतःशीच मोठ्याने बोलत होते, मधूनच खाकरत होते, काठी दगडावर आपटत होते. आयोजकाने दोनदा त्यांना गप्प केलं. दुसऱ्यांदा ते थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, चूप चालून नाई जमत इथं. त्याले धड दिसत नाई, खाण्यात दंग असला का आयकूबी येत नाई. आपुन अंगावर गेलो का मंग त्याले समजते." आयोजक म्हणाला, "काका, यांनी पैसे भरलेत प्राणी बघायला." काका गप्प झाले. आम्ही आठ जणही गप्प राहिलो, आणि हे मला अजून सलतंय.

आता तो नाला.

गावापासून तासाभरावर वाट सागाच्या जंगलातून खाली उतरते. तोवर आम्ही कितीही तोंड मिटून चाललो तरी पायाखाली सागाची वाळकी पानं पापडासारखी मोडत होती, एवढा आवाज की पुढचा माणूस काय म्हणाला ते कळेना. ती पानंच आम्हाला सांभाळत होती. नाल्यात उतरलो आणि आवाज एकदम बंद. कोरडी, मऊ वाळू. दहा माणसं चालतायत आणि काही ऐकू येत नाही. दोन्ही काठांवर घाणेरीची डोक्याएवढी जाळी, दर वीस-तीस पावलांवर वळण, काठात कपारी, आणि शेवटी एका डबक्यात उरलेलं पाणी. वारा समोरून येत होता, म्हणजे आमचा वास पुढे जात नव्हता. अस्वलाचं नाक जबरदस्त, पण वारा असा असेल तर त्याचाही उपयोग नाही. जेमतेम सहाशे मीटरचा हा तुकडा. अख्ख्या वाटेत धोका आहे तो इथेच.

पहिली खूण चौथ्या वळणावर दिसली. काठाला वारूळ उकरलेलं, आतली माती अजून ओली, गडद. वाऱ्या-उन्हात अशी माती तासाभरात फिकी पडते. शेजारी काळी विष्ठा, त्यात बोरांच्या बिया. काका वाकले, मातीला बोट लावलं आणि हात वर करून सगळ्यांना थांबवलं. आयोजक मागून कुजबुजला, "फोटो घ्या, फोटो."

मग तो आवाज आला. आधी मला वाटलं कुणीतरी पंपाने टायरमध्ये हवा भरतंय. फुंकर, मग लांब ओढून घेतल्यासारखा घरघराट, परत फुंकर. अस्वलाला वरचे पुढचे दोन दात नसतात. त्या फटीतून ते आधी माती फुंकून उडवतं आणि मग वाळवी आत ओढतं. शांत जंगलात हे बरंच लांबून ऐकू येतं. तुम्हाला तो आवाज आला तर तिथूनच मागे फिरा. आमच्या बाबतीत तो वळणाच्या पलीकडून येत होता, पंधरा-वीस पावलांवरून.

मागचा एक मुलगा फोटोसाठी दोन पावलं पुढे सरकला आणि त्याचा बूट दगडावर घासला. घरघर थांबली. जाळीवर काळं डोकं वर आलं, मग छाती, छातीवरची पांढुरकी खूण. अस्वल दोन पायांवर उभं होतं, नाक हलवत. नंतर काकांनी सांगितलं की उभं राहणं म्हणजे हल्ला नव्हे, ते वास घेऊन आपण कोण आहोत ते बघतं. त्या क्षणी मला काहीच सुचत नव्हतं. काकांनी काठी आडवी धरली, आवाज न चढवता बोलायला सुरुवात केली, "जाय बापा, जाय," आणि तसेच त्याच्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागे. आम्ही त्यांच्यामागे घोळक्याने, एकमेकांचे दंड धरून. अस्वलाने 'हूफ' असा मोठा श्वास सोडला, खाली टेकलं आणि जाळी मोडत काठावर चढून गेलं. सगळं मिळून अर्धं मिनिट असेल. पळालं कुणी नाही, कारण काका पळाले नाहीत. दुसरं कारण नाही.

म्हणून जाणाऱ्यांना सांगते. मार्च-एप्रिलमध्ये उजाडल्यावर चांगला तासभर जाऊ द्या, मग निघा, आणि ऊन कलायच्या आत गावात परत या. पुढे मे-जूनमध्ये टेंभरं (तेंदूची फळं), मग जांभळं पिकतात, तेव्हा त्या झाडांखालीही हेच. चार-पाच जणांनी एकत्र, बोलत चाला. मागे राहून एकट्याने लघवीला जाळीत शिरू नका. जायचंच असेल तर आधी टाळ्या वाजवा, दगड टाका. अस्वल लांब असेल आणि त्याने पाहिलं नसेल तर हळूच आल्या वाटेने परत फिरा. जवळ असेल तर काकांनी केलं तसं. त्याच्या आणि पिल्लाच्या मध्ये येऊ नका, त्याची निघायची वाट अडवू नका.

आणि अंगावर आलंच, पाडलंच, तर पालथे पडा. तोंड जमिनीकडे, बोटं गुंफून मानेमागे, कोपरं चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना. पाठीवरची सॅक काढू नका, ती तुमची ढाल आहे. ते लांब गेल्याची खात्री होईपर्यंत उठू नका. गोष्टीतलं मेल्याचं सोंग आणि हे एक नव्हे. लांबूनच आडवं पडलात तर ते हुंगून निघून जाईल याचा काही भरवसा नाही. हे फक्त चेहरा, डोळे आणि मान वाचवण्यासाठी, शेवटचा उपाय म्हणून.

फटाके नेऊ नका. त्या दिवसांत जंगल बारुदासारखं वाळलेलं असतं, एका ठिणगीत डोंगर पेटतो.

जखम झाली तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि गाडी गाठा. चावलं किंवा ओरबाडलं असेल तर रेबीजची लस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दोन्ही घ्या. वनखात्याची हेल्पलाइन १९२६, रुग्णवाहिका १०८, पण नाल्यात आमच्या आठही फोनना रेंज नव्हती. रेंज शेवटची कुठे होती ते चालताना बघून ठेवा. वनखात्याला लगेच कळवा, पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही.

हे फक्त मेळघाटचं नाही. बुलढाण्याचं ज्ञानगंगा अभयारण्य तर अस्वलांसाठीच ओळखलं जातं. कोयनेच्या बाजूला, वासोट्याच्या जंगलातही अस्वलं आहेत, आणि तिथे आपण बिनधास्त कानात गाणी घालून चालतो. मीही चालले आहे. आता नाही चालणार.

परत येताना तोच नाला ओलांडायचा होता. या वेळी काका पुढे आणि आयोजक सगळ्यांत मागे, गप्प. आम्ही मोठमोठ्याने बोलत होतो, पण भीतीने विषय सुचेनात. शेवटी मी सतराचा पाढा सुरू केला, बाकीच्यांनी धरला, एकोणिसापर्यंत गेलो. तोवर पायाखाली परत सागाची पानं वाजायला लागली.

गावात चहा पिताना काकांना विचारलं, तुम्हाला दिवसाचे किती मिळतात? चारशे. आमच्याकडून वाटाड्याचे म्हणून दीड हजार घेतले होते. ते पैसे थेट त्यांच्या हातात द्या, आणि निघायच्या आधी सगळ्यांदेखत ठरवून घ्या की वाटेत आवाज कधी करायचा आणि कधी थांबायचं ते काका सांगतील, आयोजक नाही. तो कबूल झाला नाही तर गाडीतून उतरूच नका.