१:३५ मधली बुलेटची चाकं

शनिवार, रात्री

सैन्याच्या हिरव्या बुलेट ३५० चं १:३५ मॉडेल, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं, करायचं तर काम चाकांपासूनच सुरू करायला हवं. रणगाड्याची चाकं पट्ट्यामागे आणि चिखलाखाली दडतात, मोटरसायकलीत लपवायला जागाच नाही. बाजूने पाहिलं की निम्मी गाडी म्हणजे दोन गोल आणि त्यांतल्या तारा. ते फसलं तर इंजिनाच्या पंखांवर घेतलेली मेहनत कुणी बघत नाही.

आधी हिशोब. टायर ३.२५-१९, बाहेरचा व्यास ६५० मिमी धरला. ३५ ने भागून १८.६ मिमी. रिमची आतली कड ४५० मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये १२.९. स्पोक दहा गेजची, सव्वातीन मिमी धरली तर ०.०९ मिमी. प्लास्टिकच्या किटमध्ये साच्यातून येणारी स्पोक ०.३ मिमीच्या आसपास असते. ती ३५ ने गुणली की साडेदहा मिमी, म्हणजे खिडकीचा गज.

पण नुसती तार बारीक केली की काम झालं असं नाही. खऱ्या चाकात ४० स्पोक असतात, २० हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) डाव्या कडेला, २० उजव्या कडेला. रिमपाशी त्या मध्यरेषेजवळ असतात आणि हबकडे जाताना दोन बाजूंना फाकतात. शिवाय एकही स्पोक सरळ केंद्राकडे जात नाही. हबच्या कडेला तिरकी लागते आणि शेजारणींना ओलांडते. डोळ्याला हे फाकणं आणि ओलांडणंच आधी दिसतं. एक गेज जाड तार खपून जाते, एका पातळीत बसवलेल्या स्पोक खपत नाहीत. पितळेच्या पत्र्यातून एचिंग करून, म्हणजे रसायनाने कोरून काढलेले तयार स्पोक याच कारणाने मला अर्धवट वाटतात: समोरून सुंदर, पण पत्रा चपटा, चाक जरा फिरवलं की कधी पट्टी दिसते तर कधी काहीच नाही. देखाव्यात मागे उभ्या केलेल्या गाडीला ते चालतील.

तार मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून. वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेत ४३ गेज ०.०९१ मिमी असतं, अगदी हवं तेवढं. ते नसेल तर ४२ (०.१०२). हाच हिशोब १:२४ ला ३९ गेज आणि १:१२ ला ३२ गेज देतो. मासेमारीची नायलॉन दोरी टाळलेली बरी. रिळावरचा बाक तिच्यातून जात नाही आणि ग्लू तिला नीट धरत नाही.

तार सरळ करण्यासाठी हातभर तुकड्याचं एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं पक्कडीत धरून सावकाश ओढायचं. किंचित सैल पडल्यासारखी लागली की थांबायचं. तेवढ्या ताणाने ती सरळ होते आणि थोडी कडकही. झटका दिला की तुटते.

रविवार

दिवसभर साचा. ४० मिमी चौरस ॲक्रिलिकचा तुकडा, मधोमध १ मिमीचं भोक, भोकातून २० रेषा, दर १८ अंशांवर. कंपासपेटीतला कोनमापक इथे पुरत नाही, छापलेला कागद चिकटवावा. भोकाभोवती ६.२ मिमी व्यासाचा, ०.७५ मिमी उंच उंचवटा. सगळ्यावर मेणबत्तीचा हलका हात, म्हणजे ग्लू साच्याला धरणार नाही.

रिमचा गाभा म्हणजे ०.२५ मिमी स्टायरीनच्या (प्लास्टिकच्या पत्र्याच्या) दोन कड्या, आतला व्यास १२.९, बाहेरचा १४.५. प्रत्येक कडीच्या एकाच तोंडावर २० खाचा, पात्याने जेमतेम ०.१ मिमी खोल. खोल गेल्या तर कडी तिथेच मोडते. पहिल्या खाचेशी पेन्सिलची खूण हवीच. पुढे तिच्यावाचून अडेल.

आता सगळ्यांत मजेचा भाग. वीस स्पोकसाठी वीस तुकडे लागत नाहीत. हबच्या कडेला चाटून रिमपासून रिमपर्यंत जाणारी एक सरळ तार म्हणजे दोन स्पोक. एका बाजूला दहा तारा पुरतात. विषम खाचेतून निघायचं आणि सात खाचा पुढे उतरायचं: १ ते ८, ३ ते १०, ५ ते १२, असं करत १९ ते ६. प्रत्येक खाचेत बरोबर एकच टोक येतं. सातच्या उडीने मधला गोल ५.८ मिमीचा होतो, म्हणजे खऱ्या मापात २०४ मिमी, ब्रेक ड्रमच्या मोठ्या कडेच्या जवळपास. नऊची उडी घेतली तर गोल २ मिमीचा, खऱ्यात ७०. तो ब्रेक नसलेल्या छोट्या कडेसाठी. तिथे उंचवटाही २.४ मिमीचाच. आठची उडी घेऊच नये. विषम खाच विषमवरच उतरते आणि पाचांच्या फेऱ्यात एक खाच उपाशी राहते.

हब सालागणिक बदलत गेला आहे, म्हणून ज्या सालची गाडी करायची तिचाच फोटो समोर हवा. फोटोपेक्षा रस्त्यावरच्या जुन्या बुलेटशेजारी उकिडवं बसून एका स्पोकवर बोट ठेवून ती हबपर्यंत न्यावी. मालकाला आधी सांगावं.

सोमवार, संध्याकाळी

खाचा वर ठेवून कडी साच्यावर. उंचवट्यावर ०.२५ मिमीची गोल चकती, हीच हबची कड. एकूण उंची १ मिमी झाली, म्हणून कडीवर सपाट पडलेली तार मध्याकडे आपोआप चढते. उंचवटा नेमका ५.८ चा केला असता तर तार कडेवरून घसरली असती, ६.२ त्यासाठीच.

आधी १, ५, ९, १३, १७ वरून निघणाऱ्या तारा, मग त्यांच्यावरून ३, ७, ११, १५, १९ च्या. टोकं मास्किंग टेपने साच्याला. तार ओढून बांधायचा मोह इथे आवरावा. दहा ताणलेल्या तारा पाव मिमीच्या कडीला आत खेचतात आणि साच्यातून सुटताच ती वाकडी होते. तार सरळ आहे, तेवढं बास.

ग्लू जेल प्रकारचा, सुईच्या टोकाने, फक्त खाचेत आणि चकतीवर. पातळ ग्लू तारेवरून धावतो आणि ओलांडणीपाशी कोळ्याच्या जाळ्यासारखा पडदा धरतो. पावसाळ्यात आणखी एक त्रास: दमट हवेत इन्स्टंट ग्लूची वाफ आजूबाजूला पांढरी बुरशीसारखी बसते. थेंब लहान ठेवायचा आणि पंखा चालू, झाकण लावून वाळवायचं नाही. तरी पांढरं आलंच तर रंगाआधी ग्लॉस वार्निशचा हात दिला की दिसेनासं होतं.

साच्यावर असतानाच वरून ०.५ मिमीची दुसरी कडी, आतला व्यास १३.३. तिने टोकं झाकली जातात, रिमचा खांदा तयार होतो आणि मुख्य म्हणजे गाभ्याला ताठपणा येतो. रात्रभर हलवायचं नाही.

बुधवार

बाहेरची टोकं नव्या पात्याने वरून दाबून कापली. पातं ओढलं की खाच उचकटते. मग दोन्ही अर्धी पाठीला पाठ लावून, मध्ये १.५ मिमी लांबीची नळी. दुसरं अर्ध नेमकं ९ अंशांनी, म्हणजे अर्धी खाच, फिरवून. पेन्सिलच्या खुणा यासाठी. खुणा एकावर एक आल्या तर रिमपाशी स्पोकमागे स्पोक लपते आणि चाळिसाच्या वीसच दिसतात.

निपल, म्हणजे रिमपाशी स्पोक आवळणारी छोटी नळीसारखी नट, ०.६ मिमी लांब दिसायला हवी. पांढरा फेव्हिकॉल थोडा आटू देऊन, सुईने रिमलगत एकेक टिपका. चाळीस टिपके घालताना चाक डावीकडून उजवीकडे एकाच दिशेने फिरवावं, नाहीतर मोजणी चुकते.

आऊट, म्हणजे चाकाचा डुगडुगाट, बघायला चाक सुईवर फिरवलं. रिम डावी-उजवीकडे डोलत असेल तर नळी तिरकी बसली आहे; वर-खाली होत असेल तर भोक मध्यावर नाही. पहिलं ग्लू ओला असेपर्यंत सुधारतं. दुसऱ्याला भोक बुजवून नव्याने पाडणं हाच उपाय.

रंग टायर चढवण्याआधीच. ब्रशने दिला तर ०.०९ ची तार सहज ०.१५ होते, म्हणून एअरब्रशने दोन पातळ हात, दोन्ही बाजूंनी तिरके मारून. तांब्याचा लालसर रंग ओलांडणीच्या खालच्या बाजूला हमखास राहतो, तो उजेडात धरून शोधावा. मातीचा वॉश (खूप पातळ केलेला रंग) निपलपाशी, तेलकट काळा हबपाशी. मधली तार स्वच्छ सोडायची.

टायर टामियाच्या बीएसए एम२० चा घेता येतो, त्या गाडीचंही चाक १९ इंचीच. आतून घासून रिम बसेल एवढा मोकळा केला. जमिनीला टेकणारा भाग ०.३ मिमी सपाट घासायचा, पण गाडी साइड स्टँडवर उभी करणार असाल तर तो सपाटपणाही डावीकडे झुकलेला हवा.