शून्य दाखवणारा डिटेक्टर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी सकाळी कोकणातल्या एका केमिकल कंपनीच्या मेंटेनन्सवाल्यांचा फोन आला, आवाज चढलेलाच. "साहेब तुमचा तीन नंबर रोज रात्री बोंबलतोय, लोकांची झोप उडालीय, एकतर बदला नाहीतर काढून न्या." तीन नंबर म्हणजे त्यांच्या ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटच्या) सम्पवरचा, म्हणजे पाणी साठायच्या खड्ड्यावरचा, हायड्रोजन सल्फाइड या विषारी गॅसचा डिटेक्टर, तिथे दोन आहेत, तीन आणि चार, सम्पच्या दोन बाजूंना, मधे सहा-सात मीटर अंतर. दोन्ही मीच बसवलेले. मी चहा पीत पीतच विचारलं, चार नंबर काय दाखवतो? "चार एकदम गप आहे, झीरो." झालं, मी फोनवरच निदान करून मोकळा. कोकणातला पाऊस, केबल ग्लँडमधून (केबल आत जाते त्या तोंडातून) पाणी शिरलं असणार, नाहीतर सेन्सरची एक्स्पायरी जवळ आली असेल, नवीन मागवून ठेवा, मी परवा येतो. दोन भाऊ शेजारी शेजारी बसलेत, एक ओरडतोय आणि एक गप, तर ओरडणाराच वेडा असं मी पण धरून चाललो, खोटं कशाला बोलू.

रात्रीच्या गाडीने गेलो. गेटवर सेफ्टीचा व्हिडिओ, हेल्मेट, सहीबिही उरकून पॅनल रूममध्ये पोचलो तर तीन नंबर इनहिबिटला टाकलेला. म्हणजे रीडिंग दिसतं पण हूटर वाजत नाही. ऑर्डर कुणाची विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अलार्म सेटिंग मात्र जसं लावून दिलं होतं तसंच होतं, पहिला १० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे दहा), दुसरा १५. हे आकडे मी मनाने नाही घेतले, फॅक्टरी अ‍ॅक्टच्या दुसऱ्या परिशिष्टात या गॅसला आठ तासांची सरासरी १० आणि थोड्या वेळासाठी १५ अशीच मर्यादा होती. मेंटेनन्सवाल्यांचं म्हणणं, तेवढं ५० करून द्या म्हणजे सारखा वाजणार नाही. असं प्रत्येक साइटवर कुणीतरी म्हणतंच, मी हसून विषय बदलतो.

मग पॅनलचा लॉग काढला, आणि तिथेच पहिल्यांदा पोटात खड्डा पडला. पाणी शिरलं, कनेक्शन लूज झालं किंवा कुणी डिटेक्टरला चिकटून वॉकीटॉकी दाबला की रीडिंग कसं येतं ते इतक्या वर्षांत पाठ झालंय, सटकन वर सटकन खाली, काट्याकुट्यासारखं. इथे तसं नव्हतं. रात्री पावणेतीन ते सव्वातीनच्या मधे कधीतरी सुरू व्हायचं, हळूहळू चढत ९, १२, एकदा १८, आणि वीस-पंचवीस मिनिटांत हळूहळू उतरायचं. टेकडीसारखा आकार. आणि फक्त तिसऱ्या शिफ्टला. पाण्याला कुठे शिफ्ट कळते?

टेस्टच्या गॅसची बाटली, रेग्युलेटर, टेफ्लॉनची नळी आणि डिटेक्टरच्या तोंडाला लावायचा कप घेऊन सम्पवर गेलो, छातीवर माझा क्लिपचा डिटेक्टर. ईटीपीचे ऑपरेटर मामा सोबत छत्री धरून. मामांना विचारलं, वास येतो का हो इथे? म्हणाले, "सुरुवातीला यायचा कुजक्या अंड्यासारखा, आता नाय येत." मामांना त्यात काही विशेष वाटलं नाही, मला वाटलं. या गॅसची हीच तर खोड आहे, एक पीपीएमच्याही खूप खाली असताना नाकाला कळतो, रोज रोज त्यात राहिलं की नाक सरावतं, आणि शंभरच्या आसपास गेला तर काही मिनिटांत नाकच बंद पडतं. म्हणजे वास यायचा थांबला की माणूस म्हणतो गेला एकदाचा, आणि तो तिथेच असतो.

आधी तीन नंबर. २५ पीपीएमचा गॅस अर्धा लिटर मिनिटाला सोडला, अर्ध्या मिनिटात २४ वर जाऊन स्थिर. म्हणजे वेडा ठरवलेला तीन नंबर ठणठणीत होता. ग्लँड कोरडी, आत पाण्याचा थेंब नाही. मग चार नंबरला कप लावला. झीरो. एक मिनिट झालं, झीरो. मला वाटलं बाटली संपली, परत तीनवर लावली तर परत २४. परत चारवर, दीड मिनिट थांबलो, झीरोच.

आता हे डिटेक्टर जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर असतात, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, साधारण १.१९ पट, तो खालीच लोळतो (अमोनियाचं उलटं, तिथे वर बसवावे लागतात, आणि परचेसवाले दोन्हीकडे विचारणार की डोळ्यासमोर का नाही बसवत, दिसायला बरं दिसतं). त्यात सेन्सरचं तोंड खाली, पाणी बसू नये म्हणून. त्यामुळे उभ्या माणसाला ते तोंड कधी दिसतच नाही, आणि मी पण कप खालून अंदाजानेच चढवला होता. चिखलात गुडघे टेकले, मोबाईलचा टॉर्च मारला आणि खालून बघितलं. धातूची जी बारीक छिद्रांची चकती असते, जिच्यातून गॅस आत जातो, ती मस्तपैकी राखाडी ऑइलपेंटने रंगवलेली! वरचा पाइपरॅक राखाडी, स्टँड राखाडी, चकती पण राखाडी. मामा म्हणाले, "मे महिन्यात रंगारी आलेले ना पावसाच्या आधी." रंगाऱ्याचा काय दोष, त्याला सांगितलं सगळं रंगव, त्याने मन लावून सगळं रंगवलं. तीन नंबरपाशी त्या दिवशी पाइपांचा ढीग पडला होता म्हणे, म्हणून तो वाचला.

सगळ्यात बेकार म्हणजे चार नंबरवर आमच्या कॅलिब्रेशनचा स्टिकर होता, मार्चचा, माझ्या सहीचा. खरा स्टिकर, मार्चमध्ये तो बरोबरच होता. आणि पॅनलवर फॉल्ट का नाही आला? वायर तुटली तर करंट शून्यावर जातो, पॅनल लगेच ओरडतं. पण हा सेन्सर म्हणजे एक छोटी बॅटरीच, गॅस आत गेला की इलेक्ट्रोडवर त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि जितका गॅस तितका करंट. गॅसच आत गेला नाही तर करंट नाही, डिटेक्टर इमानदारीत ४ मिलिअँपिअर पाठवतो (पॅनलच्या भाषेत 'गॅस शून्य') आणि पॅनल वाचतं, सगळं ठीक, झीरो. स्वच्छ हवेतला चांगला डिटेक्टर आणि तोंड बांधलेला डिटेक्टर, पॅनलला दोघांतला फरक कळायला मार्गच नाही. फक्त गॅस दाखवून कळतं. त्यासाठीच आठवड्याला बंप टेस्टचं रजिस्टर करून दिलं होतं. ते मागवलं. मेपासून प्रत्येक आठवड्याला ओके, ओके, ओके, एकाच निळ्या पेनने, आणि मी दिलेल्या बाटलीचं सील शाबूत.

हे सगळं चालू असताना सम्पच्या पलीकडच्या बाजूला दोन कंत्राटी पोरं चेनब्लॉक लावत होती. मी सहज विचारलं काय काम आहे, तर म्हणे खालचा पंप चोक झालाय, उतरून मोकळा करायचाय. परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, बघितलं. गॅस टेस्टच्या रकान्यात ०. कुठून आला झीरो? पॅनलवरून, चार नंबरचा.

खरं सांगतो, मी दोन मिनिटं तिथे नुसता उभा राहिलो. मी पडलो व्हेंडर, दुसऱ्याच्या कंपनीत दुसऱ्याचं परमिट थांबवणारा मी कोण, उद्या बिल अडकवतील, असले सगळे फालतू विचार डोक्यात येऊन गेले. मग बॅगेतून पंपवाला फोर-गॅस मीटर (नळीने हवा ओढून चार गॅस मोजणारा) काढला आणि काही न बोलता त्याची नळी सम्पमध्ये सोडायला लागलो. कडेला ४. मीटरभर खाली १९. पोरांपैकी एकाने तेवढ्यात चेन ओढून बघितली, पंप हलला, खालचा गाळ ढवळला गेला आणि मीटर कोकलायलाच लागला, ४०, ६०, ८०, तरी चढतोय. नळी वर ओढली, पोरांना म्हटलं मागे व्हा, वाऱ्याच्या वरच्या अंगाला जा, चेन सोडा. मामांनी छत्री टाकून धावत जाऊन सेफ्टीवाल्या साहेबांना आणलं. साहेब आले, मीटर बघितला, एक शब्द न बोलता परमिट फाडलं. माणूस चांगला होता. पोरांपैकी एक विशीचा पण नसेल, मला विचारतो, "दादा, मग आज हजेरी लागंल ना?"

कारण संध्याकाळपर्यंत सापडलं. एका ब्लॉकमधलं सल्फाइडवालं पाणी अल्कली असतं आणि तसं असेपर्यंत गॅस पाण्यातच धरून राहतो, पीएच सातच्या खाली आला की सुटतो. दुसऱ्या ब्लॉकचं अ‍ॅसिडचं पाणी वेगळ्या लाइनने जायचं, पण पावसात तो पिट भरून वाहायला लागला म्हणून तिसऱ्या शिफ्टने रात्री शॉर्टकट काढला होता, थोडं थोडं याच सम्पमध्ये सोडायचे. वीस-पंचवीस मिनिटं. माझ्या लॉगमधल्या टेकड्या त्याच.

तीन नंबरसाठी मी फोनवर मागवायला लावलेला सेन्सर स्टोअरला येऊन पडला होता. तोच चारला बसवला, चकतीसकट, कारण पेंटचा थिनर आतल्या सेन्सरला काय करून गेला असेल सांगता येत नाही. झीरो केलं, स्पॅन केलं (टेस्टच्या गॅसवर आकडा जुळवला), तीनचं इनहिबिट काढलं. सामान भरत होतो तर मामा म्हणाले, थांबा, मला दाखवा, मी करतो. त्यांच्या हातात कप दिला. चिखलात उकिडवे बसले, आधी मान वाकडी करून खालून तोंड बघितलं, मग कप लावला आणि मोठ्याने आकडे मोजायला लागले. तेविसाव्या आकड्याला दुसऱ्या अलार्मचा हूटर वाजला. मामा उठले, हात पॅंटला पुसले, रजिस्टर घेतलं, ओके लिहायला गेले आणि थांबले. मग लिहिलं, १५ पीपीएम, २३ सेकंद.