नांदूर, येवला, लासलगाव: न ठरवता काढलेले दोन दिवस

बुधवारी रात्री जेवताना नाना म्हणाले, "लासलगावच्या मार्केटात पाय ठेवून किती वर्षं झाली रे?" मला गुरुवार-शुक्रवार सुट्टी होती. गुरुवारी पहाटे सहाला आम्ही दोघं बाप-लेक नाशिकहून निघालो. बरोबर थर्मासभर चहा, आईने बांधून दिलेल्या दशम्या-चटणी आणि दोन ब्लँकेटं. बुकिंग काही नव्हतं. गावं तेवढी डोक्यात होती.

आम्ही नाशिककर सुट्टी मिळाली की त्र्यंबक नाही तर इगतपुरी गाठतो. पावसाळ्यात ते बरोबरच आहे. पण जानेवारीत जायचं तर पूर्वेला जा. द्राक्षबागा घडांनी लगडलेल्या, लाल कांदा बाजारात येतोय, ऊस तुटतोय, येवल्यात पतंग. सगळा मुलूख कामात असतो.

पहिला थांबा सिन्नर, नाशिकपासून तीसेक किलोमीटर. गोंदेश्वराचं देऊळ यादवांच्या काळातलं. मधोमध महादेव, चार कोपऱ्यांना चार लहान देवळं, समोर नंदीमंडप. शिखर भूमिज पद्धतीचं, म्हणजे त्याच्या अंगावर खालपासून वरपर्यंत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी चढत गेलेल्या. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या ओळी एकेक करून उजळतात. हे दुपारी दिसत नाही, म्हणून इथे सकाळीच या.

पुढे एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. मोबाइलवर मी नुसतं 'नांदूर' टाकलं आणि गाडी नांदूर शिंगोट्याला नेली. ते पुणे रस्त्यावर आहे. पक्ष्यांचं ते नांदूर मधमेश्वर, निफाड तालुक्यातलं. पूर्ण नाव टाका, आणि अभयारण्यासाठी 'चापडगाव' शोधा. निरीक्षण मनोरा तिथे आहे. या गोंधळात आमचा दीड तास गेला आणि ऊन चढल्यावर पोचलो, तोवर पक्षी पार पलीकडच्या काठाला गेले होते. मला विचाराल तर पहाटे थेट इथे या आणि सिन्नर दुसऱ्या दिवशी ठेवा.

तरी जे दिसलं ते पुष्कळ होतं. जांभळ्या पाणकोंबड्या चिखलात, चक्रवाकांच्या जोड्या, आणि दूर पाण्यावर काळ्या ठिपक्यांसारखे बदकांचे थवे. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. मागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, मधे बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. धरणाच्या दृष्टीने तो तोटा, पण पाणपक्ष्यांना नेमकं हेच लागतं. ही जागा रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातली पहिली. गावातलीच मुलं वाटाड्या म्हणून येतात, त्यांना जरूर सोबत घ्या. आमच्याबरोबरच्या पोराने नुसत्या डोळ्यांनी शेवाळातला पाणलावा दाखवला, तो मला दुर्बिणीतूनही आधी सापडला नव्हता. भडक रंगाचे कपडे नकोत, आणि गाडीतली गाणी गावाबाहेरच बंद करा.

येवल्याला पोचेपर्यंत अंधार पडला. या रस्त्यांवर या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, आणि कित्येकांना मागे दिवाच नसतो. हात जोडून सांगतो, सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोचा. साधी, स्वच्छ खोली सहज मिळाली. रात्री थंडी अशी की घरची ब्लँकेटंच कामाला आली. निफाडकडचा गारठा उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पारा फार उतरला की बागाईतदार द्राक्षं वाचवायला रात्री बागेत शेकोट्या पेटवतात.

सकाळी एका पैठणी विणकराच्या घरी गेलो. मागावर बसलेल्या काकूंनी खटाखट विणत असतानाच दाखवलं, की पदरावरच्या मोराचा प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या कांडीवरून येतो आणि हाताने एकेक धागा गुंतवावा लागतो. खरी हातमागाची पैठणी उलटी करून बघा. मागची बाजूही जवळपास पुढच्यासारखीच नीट दिसते. मागे धाग्यांचं जाळं लोंबत असेल तर ती यंत्रावरची. पदर भरगच्च असेल तर महिनेच्या महिने लागतात, हे डोळ्यांनी पाहिल्यावर मला किमतीवर घासाघीस करवेना. आईसाठी साधी नारळी काठाची घेतली. नाना रंग निवडायला अर्धा तास बसले होते.

गावात गच्चीगच्चीवर आसाऱ्या, म्हणजे पतंगाच्या मांज्याच्या फिरक्या, फिरत होत्या. संक्रांतीच्या त्या तीन दिवसांत येणार असाल तर खोली आधी सांगून ठेवा, आणि दुचाकीवर असाल तर मांज्यासाठी गळ्याला जाड मफलर हवाच. निघताना मुक्तिभूमीवर थांबलो. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती याच गावात. नानांनी चपला बाहेर काढल्या आणि बराच वेळ उभे राहिले.

अंकाई-टंकाई या जोडकिल्ल्यांवर चढणं नानांच्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं. टंकाईच्या पायथ्याकडची जैन लेणी मी एकट्याने धावतपळत पाहिली. किल्ल्यांना वेगळा दिवस द्या.

मग लासलगावचं कांदा मार्केट. ट्रॅक्टरांच्या रांगा, आणि एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकणारा व्यापाऱ्यांचा घोळका. पंधरा-वीस सेकंदांत बोली संपते, चिठ्ठी हातात पडते, शेतकरी वजनकाट्याकडे निघतो. चार महिन्यांच्या कष्टाचा भाव तेवढ्या वेळात ठरतो. नानांनी एका ट्रॉलीतला कांदा उचलला, मान दाबून पाहिली. "पाणी जास्त झालंय पोरा, मान जाड राहिली."

ट्रॉलीवरचा तरुण म्हणाला, "हो बाबा, शेवटचा पाऊस नडला. तुम्ही कांद्यातलेच का?"

पुढचा पाऊण तास ते दोघं बोलत राहिले. मी चहा आणत राहिलो.

लिलाव बघायला जाणार असाल तर कामाच्या दिवशी जा, ट्रॅक्टरच्या वाटेत उभे राहू नका, आणि मोबाइल कुणाच्या तोंडासमोर धरण्याआधी विचारा. भाव पडलेला असेल त्या दिवशी फोटो नकोच.

परतताना चांदवडला अहिल्यादेवींचा रंगमहाल पाहायचा होता, पण आम्ही पोचलो तेव्हा दार लागलं होतं. रेणुकामातेचं दर्शन घेतलं आणि आग्रा रोडला लागलो. तिथून नाशिक ६५ किलोमीटर.  पिंपळगावच्या पुढे नाना झोपले. ट्रॉलीवरच्या त्या पोराने जाताना हातात दिलेले चार कांदे त्यांच्या मांडीवर होते.