विंगेतला चेहरा: आमची वाटचाल

न्यू जर्सीत एडिसनला आमच्या घराचं गॅरेज, तोच आमचा स्टुडिओ. गाडी बर्फात उभी असते आणि आत दोन फ्लॅश, एक काळा पडदा. कॅमेरा माझा, हिशेब आणि छपाई नवऱ्याकडे.

इकडे बारावीच्या वर्षाला सीनियर इयर म्हणतात आणि त्या वर्षाचा फोटो हे घराघरात मोठं प्रकरण असतं. इयरबुकातला फोटो बहुतेक ठिकाणी शाळेने ठरवलेला स्टुडिओच काढतो. मुलींच्या खांद्यावर काळं ड्रेप, मुलांना टक्सिडो, की पुढचा! तिथे आम्हाला कोण विचारणार? म्हणून आधी बारशी, डोहाळजेवणं, मुंजी केल्या.

मग मराठी मंडळातल्या एका मैत्रिणीने विचारलं, "लेक शाळेच्या म्युझिकलमध्ये आहे, तिचे जरा वेगळे फोटो काढशील का गं?" मी पुण्याची. १९६३पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला आमच्या एकांकिकेचं बॅकस्टेज केलेली. भरत नाट्य मंदिरात बाहेर 'आव्वाज कुणाचा' चाललेलं असायचं आणि आत एंट्रीआधी विंगेत उभ्या पोरांचे चेहरे अगदी गप्प. धड स्वतःचे नाहीत, धड भूमिकेचेही नाहीत. मला तोच चेहरा हवा होता.

पहिल्याच कामात फजिती झाली. मी शेवटच्या प्रयोगानंतरची वेळ दिली होती. पोहोचले तर मेकअप पुसलेला, भाड्याचे कपडे खोक्यात, सेट मोडायला सुरुवात. तेव्हापासून आम्ही ड्रेस रिहर्सलचा, म्हणजे कपडे-मेकअपसकट होणाऱ्या तालमीचा दिवस धरतो. म्युझिकल बहुधा मार्चमध्ये असतं, त्यामुळे फेब्रुवारीतच मुलांच्या आयांना फोन करायचे.

उजेडाने तर रडवलं. स्टेजवरच्या एलईडी दिव्यांमुळे काही शटर स्पीडला फोटोत पट्टे उमटतात. गर्द जांभळ्या-गुलाबी उजेडात आपल्या सावळ्या मुलांच्या गालाचा पोतच नाहीसा होतो. आता रंगीत जेल (दिव्यापुढे लावायचा पारदर्शक रंगीत कागद) फक्त पाठीमागच्या दिव्याला लावते, चेहऱ्यावर साधा पांढरा उजेड. नाट्यशिक्षण देणाऱ्या कॉलेजांच्या ऑडिशनसाठी आठ बाय दहा इंचाचा हेडशॉट, म्हणजे चेहऱ्याचा फोटो लागतो, तो मात्र निराळा. त्यात नाटकीपणा नको. दारातून आत येणारी मुलगी आणि फोटोतली मुलगी एकच दिसली पाहिजे. आयांना हे पटवताना नाकी नऊ येतात. "एक कुर्त्यातला पण घे ना!" घेते. तोच आजीकडे पुण्याला जातो.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या. कित्येक प्रयोग तोंडावर आलेले, कपडे कुलपाआड. मुलांनी घरीच मेकअप केला, वडिलांचे कोट चढवले आणि स्वतःच्या दारात उभी राहिली. मी ड्राइव्हवेच्या टोकावरून लांबच्या लेन्सने फोटो काढले. त्याचे पैसे घेतले नाहीत. घ्यायला हवे होते, असं नवरा अजून म्हणतो. गॅरेजचा हीटर त्याच वर्षी बिघडला होता.

पण आमचं खरं गिऱ्हाईक नंतर सापडलं, तेही काळ्या कपड्यात, अंधारात उभं असलेलं. नटांचे फोटो काढताना बाजूला हेडसेट लावलेली एक मुलगी दिसली, स्टेज मॅनेजर, म्हणजे प्रयोग चालू असताना सगळ्यांना इशारे देणारी. तिच्या प्रॉम्प्ट बुकात, म्हणजे इशारे लिहिलेल्या संहितेच्या वहीत, पेन्सिलीच्या खुणाच खुणा. तिला म्हटलं, तुझाही काढू? ती आधी लाजली, मग ते बुक छातीशी धरून उभी राहिली. रिकाम्या स्टेजवर रात्रभर जळणारा घोस्ट लाइट, त्या एका बल्बवर तो फोटो काढला.

प्रिंट बघून तिचे बाबा म्हणाले, "पण नाटकात ही दिसलीच नाही कुठे!"

"बाबा, मी 'गो' म्हटल्याशिवाय तिथला एक दिवा लागत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच फोटोची सोळा बाय वीस इंचाची प्रिंट मागवली. तेव्हापासून आमच्या दरपत्रकात नटांच्या वर बॅकस्टेजची ओळ असते.